चांदण्यात तोडलेला साग

वखारमामा कुणाच्या घरी गेले की आधी दाराच्या चौकटीवर बोटाने टकटक करायचे आणि कान लावून उभे राहायचे. लाकूड ठीक असलं तर हसून चहा मागायचे. गप्प राहिले, की घरातली बाई वर तुळयांकडे बघायला लागायची. आगाशीला आमच्या घरी ते असेच एका तुळईखाली गप्प राहिले होते, आणि वर्षाच्या आत ती तुळई आम्हाला बदलावी लागली.

त्यांची लाकडाची वखार मनवेलपाड्याला होती. माणूस ख्रिस्ती, रविवारची मिस्सा कधी चुकवणार नाही, पण वखारीतल्या खांबावर मात्र तिथीचं कॅलेंडर. झाड तोडायचं ते काळोख्या पंधरवड्यातच, हा त्यांचा नेम. "चांदन्यात झाड पानी ओढतं, मास्तर. तेव्हा तोडलं की कीड धरलीच समजा," असं ते मला सांगायचे. मी शाळेत शास्त्र शिकवत होतो, त्यामुळे त्यांची भरपूर चेष्टा करायचो. ते रागावत नसत. बापाने सांगितलंय, एवढंच म्हणायचे.

सत्तरनंतर वनखात्याचे नियम कडक होत गेले. स्वतःच्या जमिनीतला साग पाडायचा तरी परवानगी, लाकूड हलवायचं तर पास, ओंडक्यावर हातोड्याचा शिक्का. नियम नसते तर डोंगर कधीच बोडके झाले असते, हे मामाही कबूल करायचे. रातोरात जंगल साफ करणारे व्यापारी त्यांनी पाहिले होते. त्यांचे अर्ज मी लिहायचो. "झाडाला मुळं नसतील एवढ्या या कागदाला सह्या," असं पुटपुटत ते खाली आपली सही करायचे.

एका वर्षी अर्नाळ्याच्या एका कोळी तांडेलाने त्यांच्याकडे नव्या होडीसाठी साग मागितला. मामांनी पूर्वेच्या डोंगराखालची एका शेतकऱ्याची चार झाडं हेरली, मी अर्ज लिहिला, आणि पाच महिने काही झालं नाही. मग परवानगी आली. तोडीची मुदत आठ दिवसांची, आणि पौर्णिमा त्या आठांतल्या अगदी शेवटच्या दिवशी.

मामा कागद हातात धरून कितीतरी वेळ कॅलेंडरासमोर उभे होते. मी कचेरीत जाऊन मुदत पुढे सरकवून मागितली. साहेब सभ्य माणूस होता. कारण काय लिहू, असं त्याने विचारलं, आणि मला चंद्र म्हणायची लाज वाटली. नवा अर्ज करा, म्हणाला. नवा अर्ज म्हणजे आणखी पाच महिने, म्हणजे तांडेलाचा हंगाम बुडाला. आणि मुदतीबाहेर कुऱ्हाड लावली तर वखारीचा परवाना जाणार. मी मामांना सांगितलं, तोडा. जगात कुणाच्या होड्या तिथी बघून होतात का, असंही वर ऐकवलं.

त्यांनी तोडलं. ओंडके वखारीत आले तेव्हा ते एकेकावर टकटक करत फिरले, आणि शेवटपर्यंत काही बोलले नाहीत. तांडेलाला बोलावून मात्र स्पष्ट सांगितलं की या मालावर माझा भरवसा नाही, थांबता आलं तर थांब. तांडेल घायकुतीला आला होता. म्हणाला, "मामा, होडी पान्यात कधी जाईल तेवढं सांगा."

होडी वेळेवर पाण्यात गेली. त्यानंतर मामा दर आठवड्याला एसटीने अर्नाळ्याला जायला लागले. वाळूवर ओढलेल्या होडीखाली वाकून बसायचे आणि परत यायचे. काय दिसलं विचारलं तर विषय बदलायचे. मासळी चांगली लागत होती, तांडेल खुशीत होता, आणि मामांचं जेवण कमी झालं होतं.

तिसऱ्या हंगामात भर समुद्रात होडीचा तळ फुटला. दुसऱ्या होडीने तिघांना वाचवलं. तांडेलाचा धाकटा मुलगा सापडला नाही. लाटांनी किनाऱ्यावर आणून टाकलेल्या फळ्या आतून पोखरलेल्या होत्या. चौकशीला आलेल्या माणसाने वखारीतले कागद तपासले: परवानगी, पास, शिक्का, सगळं चोख. मामांना तो उलट शाबासकी देऊन गेला. तो साग चांदण्यामुळेच किडला का, हे मला आजही सांगता येणार नाही. त्या दिवसापासून मी चेष्टा मात्र कुणाची केली नाही.

महिन्याभराने मामांनी मला वखारीत बोलावलं. परवाना परत करायचा होता. अर्ज लिहा म्हणाले, आणि कारण त्यांनी स्वतः सांगितलं: "माहीत असून मी चुकीच्या दिवशी झाड तोडलं. पोर गेलं. असंच लिहा, मास्तर."

मी लिहायला बसलो. कचेरीतला तो सभ्य साहेब डोळ्यांसमोर आला, हे वाचून तिथे पिकणारा हशा ऐकू आला, आणि मीच मामांना 'तोडा' म्हणालो होतो तेही आठवलं. मी लिहिलं, प्रकृतीच्या कारणास्तव.

मामांना वाचता येत होतं, पण माझं लिहिलेलं त्यांनी कधीच वाचलं नव्हतं. त्यांनी पेन हातात घेतलं आणि विचारलं, सांगितलं तसंच लिहिलंत ना?

मी हो म्हणालो. त्यांनी सही केली.