सूर्य-चंद्राच्या पुड्या

शुक्रवारी दुपारी मी कुठे जाते, हे माझ्या सासूबाईंना आम्ही दोन वर्षं सांगितलं नव्हतं. पुण्याहून त्यांचा फोन आला की नवरा म्हणायचा, "झोपलीये." प्रत्यक्षात मी त्या वेळी इथे आखातात, अल क्वोजच्या एका लेबर कॅम्पमध्ये, पत्र्याच्या शेडखाली बसून गोळ्यांच्या पुड्या भरत असायचे, आणि माझ्या आजूबाजूची सगळी मंडळी चर्चची होती.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. करामा भागातल्या एका औषधांच्या दुकानात मी फार्मसिस्ट होते, राहायला मात्र शारजात. एक दिवस साठीची एक अमेरिकन डॉक्टरीणबाई काउंटरवर आली आणि तिनं खरजेच्या लोशनच्या चाळीस बाटल्या मागितल्या. चाळीस कशाला, असं मी विचारलं. नको तिथे चौकशी करणं हा माझा जुना रोग आहे. ती म्हणाली, "एका खोलीत बाराजण झोपतात. एकालाच लावून काय उपयोग?" मला उत्तर आवडलं. पुढच्या शुक्रवारी मी बाटल्या पोचवायला म्हणून गेले आणि संध्याकाळपर्यंत तिथेच राहिले.

ही बाई आधी अठरा वर्षं होंडुरासच्या डोंगरात मिशनचं काम करत होती. खेचरावर औषधांच्या पेट्या लादायच्या, दोन दिवस चढायचं, गावातल्या छोट्या चर्चच्या बाकांवर रोगी झोपवून तपासायचे. पुढे नवऱ्याला इथे नोकरी मिळाली म्हणून ती आखातात आली आणि एका खासगी दवाखान्यात काम करू लागली. इथे रविवार कामाचा आणि सुट्टी शुक्रवारची, त्यामुळे त्यांची रविवारची उपासनाही शुक्रवारी सकाळी व्हायची. ती आटोपली की सहा-सातजण डबे गाडीतच उघडत कॅम्पवर निघायचे.

कॅम्प बॉस पेशावरचा होता, उंचापुरा आणि मोजकं बोलणारा. त्यानं एकच अट घातली होती, की आत धर्माचं अक्षर काढायचं नाही. बाई ती काटेकोर पाळायची. प्रार्थना करायची ती गाडीत, काचा वर करून, आणि मग उतरायची. त्या वेळी बाकीचे डोळे मिटत आणि मी गोळ्यांची पाकिटं मोजत बसे. मी हिंदू आहे, हे पहिल्याच दिवशी तिच्या कानावर घातलं होतं. "मला गोळ्या नीट देणारं माणूस हवंय," ती म्हणाली होती.

कॅम्पमध्ये निम्म्यांना वाचता येत नसे आणि उरलेले निम्मे पाच वेगवेगळ्या लिप्या वाचत. होंडुरासमध्येही हाच प्रश्न होता. तिथे ती पुडीवर चित्र काढायची, सूर्य म्हणजे सकाळी आणि चंद्र म्हणजे रात्री. ही युक्ती मी उचलली. खोडरबर कोरून दोन शिक्के केले, एक किरणांचा सूर्य आणि एक चंद्रकोर. माझी मुलगी बघून म्हणाली, "आई, युअर मून लुक्स लाइक अ बनाना." मी दुर्लक्ष केलं. त्या शिक्क्यांचा मला फार अभिमान होता, हे आता कबूल करायला हवं.

त्या वर्षीच्या थंडीत चाचा आमच्याकडे येऊ लागले. मुलतानकडचे, पन्नाशी उलटलेले, प्लास्टरचं काम करणारे. सगळा कॅम्प त्यांना चाचाच म्हणायचा. रक्तात साखर भरपूर आणि उजव्या पायाच्या अंगठ्याखाली, तळव्याला, रुपयाएवढी जखम. त्या पायात बूट जात नव्हता, म्हणून ते डाव्या पायात बूट आणि उजव्यात सपाता घालून भिंती लिंपायचे. बाईनं गाडीत मला स्पष्ट सांगितलं, "साखर उतरली नाही आणि जखम साफ राहिली नाही, तर आधी अंगठा जाईल, मग पाऊल." चाचांना हे न सांगताच कळलेलं होतं. कंपनीनं अनफिट ठरवून घरी पाठवलं तर काय, याचीच त्यांना धास्ती. पट्टी बांधताना ते दर वेळी एकच विचारायचे. "पाँव गया तो दीवार के सामने खडा कैसे होऊंगा, बेटी?"

मी त्यांच्या पुडीवर एक सूर्य आणि एक चंद्र उमटवला आणि म्हटलं, "ये टाइम पे लेना, पाँव नहीं जायेगा."

रमजान सुरू झाला. तेव्हा तो थंडीत यायचा. दुसऱ्या शुक्रवारी आम्ही कॅम्पच्या फाटकाशी पोचलो तर कॅम्प बॉस बाहेरच उभा होता. त्याच्या हातात माझ्या शिक्क्याची पुडी होती.

"मॅडम, क्लिनिक खलास," तो म्हणाला. "चाचा गिर गया."

मग त्यानं सगळं सांगितलं. रोजा धरलेला माणूस सूर्य वर असताना तोंडात पाणीही घेत नाही, मग गोळी कुठली? चाचांनी प्रामाणिकपणे विचार केला, की सूर्याची गोळी सूर्य असताना घेता येत नाही, तर ती पहाटे सहरीच्या जेवणाबरोबर घेऊन टाकावी. बाहेर तेव्हा रात्रच होती, म्हणून चंद्राची गोळीही त्याच वेळी घेतली. असे दोन्ही डोस एकदम पोटात ढकलून ते दिवसभर उपाशी उभे राहिले. चौथ्या दिवशी अकराच्या सुमाराला साखर इतकी उतरली, की प्लास्टरसाठी उभं राहायच्या घोडीवरून ते खाली आले. घोडी कमरेएवढीच होती म्हणून हाडं वाचली. कुणी साखरेचं पाणी पुढे केलं तर चाचांनी दात आवळून धरले. रोजा मोडायचा नव्हता त्यांना. हॉस्पिटलनं दोन दिवस ठेवून घेतलं आणि परत पाठवताना कागदावर लिहून दिलं, रोज ड्रेसिंग. तो कागद चाचांच्या उशाखाली होता आणि ड्रेसिंग करणारं कॅम्पमध्ये कुणीच नव्हतं.

परतताना गाडीत बाई म्हणाली, "चूक माझी आहे. ती चित्रं मी होंडुरासहून आणली."

मला राग आला, आणि तो तिच्यावर नव्हता. नऊ वर्षं मी या देशात रमजान बघत होते. दुकानाच्या वेळा बदलायच्या, दुपारी पाणी प्यायला मी स्टोअररूममध्ये जायचे, संध्याकाळी शेजारणीकडून गहू-मांस घोटून केलेल्या हरीसची वाटी यायची. बाई परकी होती, नवी होती. मला तर सगळं ठाऊक होतं. काखेत कळसा आणि होंडुरासला वळसा, असली माझी गत.

घरी सांगितलं तेव्हा नवरा म्हणाला, "तिकडे पाऊल टाकू नकोस. माझ्या व्हिसावर आहेस तू. हात दाखवून अवलक्षण कशाला?"

"पाय जाईल त्या माणसाचा."

"कंपनी बघेल ना."

"कंपनी कशी बघेल ते तुलाही माहितीये," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत टॅक्सी करून मी एकटी कॅम्पवर गेले. कॅम्प बॉस ऑफिसात बसला होता, रोजानं ओठ सुकलेले. मी सरळ म्हटलं, "चूक मेरी है. तस्वीर मैंने बनायी."

तो माझ्याकडे बघत राहिला. "डॉक्टर सुबह फोन करके बोली उसकी गलती. चाचा बोलता है चाचा की गलती. अब आप आ गयी. मैं किसके लिए गेट बंद करूं?"

"किसी के लिए मत करो. पट्टी करने दो."

"ईद के बाद देखेंगे, इन्शाल्ला."

टेबलामागून आलेल्या इन्शाल्लाचा अर्थ मला नऊ वर्षांत पाठ झाला होता. मी समोरची खुर्ची ओढली आणि बसले. "ईद तक पाँव नहीं रहेगा. मैं बैठती हूं. आप सोचो."

पाऊण तास बसले. तो फोन घेत होता, सह्या करत होता, अधूनमधून माझ्याकडे बघत होता. माझी सुट्टी संपत आली होती आणि मी घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं. शेवटी त्यानं पेन खाली ठेवलं. "सिर्फ आप. चर्चवाला कोई नहीं. गोली का पुडिया नहीं. इधर, मेरे सामने, दरवाजा खुला."

मग त्यानं चाचांना बोलावून घेतलं आणि अटीमुळे आमच्या बाईला जे बोलताच आलं नसतं ते दोन वाक्यांत सांगितलं. "बीमार पे रोजा नहीं. अल्लाह ने खुद छुट्टी दी है, तू कौन होता है ना बोलनेवाला?" चाचा मान खाली घालून ऐकत होते. त्याच दिवशी त्यांना प्लास्टरवरून काढून अवजारांच्या खोलीत बसायचं काम दिलं गेलं.

आता अडचण अशी की मी फार्मसिस्ट. आयुष्यात मी जखम धुतलेली नव्हती. बाईनं माझ्या घरी येऊन, माझीच टाच मांडीवर घेऊन मला शिकवलं. पहिल्या दिवशी खरी पट्टी सोडली तेव्हा वास थेट नाकात शिरला. कॅम्प बॉस बघत होता. इथे ओकलीस तर उद्या आत सोडणार नाही, असं मी स्वतःला बजावलं आणि तोंडानं श्वास घेत काम पुरं केलं. संध्याकाळी बाईला फोनवर सगळं सांगायचं, रंग, वास, कडा लाल आहेत की पांढऱ्या. ती तिकडून सांगेल तसं दुसऱ्या दिवशी करायचं. गोळ्यांच्या वेळा तिनं बदलून दिल्या, त्या मी चाचांकडून तोंडपाठ म्हणून घेतल्या.

रोज गेले. ईद झाली तरी जात राहिले. एका आठवड्यात जखम वाढल्यासारखी दिसली तेव्हा मी टॅक्सीत रडले आणि दुकानात येऊन तोंड धुऊन काउंटरवर उभी राहिले. अधूनमधून नवराही गाडी काढू लागला. "इतके दिवस उंटावरून शेळ्या हाकत होतीस," तो म्हणाला, "आता उतरलीच आहेस तर चल, सोडतो." तो बाहेर गाडीतच बसायचा. पण तिसऱ्या आठवड्यात बँडेजचा खोका तो स्वतःच विकत घेऊन आला.

मग एके दिवशी गॉझ कोरडा निघाला. दुसऱ्या दिवशीही कोरडा, तिसऱ्या दिवशीही. मी कॅम्प बॉसला म्हटलं, एकदा डॉक्टरला दाखवू दे. तो उठला आणि फाटकावर सांगून आला.

बाई आली. फरशीवर गुडघे टेकून तिनं चाचांचं पाऊल हातात घेतलं, चष्मा वर करून बघितलं, बोटानं दाबलं. "बंद झाली," ती म्हणाली. मग तिनं हात तिथेच ठेवला, बराच वेळ. तिचे ओठ हलले नाहीत. अट तिच्या लक्षात होती. कॅम्प बॉसनंही मान वळवून खिडकीबाहेर बघितलं.

चाचांनी मला विचारलं, "बेटी, आप भी इनके गिरजे की हो?"

"नहीं चाचा, मैं हिंदू हूं."

त्यांना नवल वाटलं. "तो रोज क्यों आती थी?"

"गलती मेरी थी."

"गलती के लिए तो आदमी एक दिन आता है," ते म्हणाले. "माफी मांगता है, जाता है."

पुढे क्लिनिक परत सुरू झालं. शिक्का मारायच्या आधी मी प्रत्येकाला विचारू लागले, तू झोपतोस कधी, जेवतोस कधी. रात्रपाळीवाल्यांची तर माझ्या सूर्यानं आधीपासूनच पंचाईत केलेली होती, हे तेव्हा कळलं.

पण त्या दुपारी चाचा आपल्या खोलीत गेले आणि बुटांचा जोड घेऊन आले. खाली बसून त्यांनी दोन्ही नाड्या सावकाश बांधल्या आणि उभे राहिले. डावा बूट झिजून, चुन्यानं पांढरा होऊन गेला होता. उजवा कोरा करकरीत होता. ते ऑफिसच्या भिंतीपाशी गेले, दोन्ही पायांवर भार टाकला आणि तळहातानं प्लास्टर चाचपून बघितलं.

"ये किसने किया है," ते कॅम्प बॉसला म्हणाले, "कच्चा काम है."