उलटा धक्का

जगातली कुठलीही वस्तू थरथरली, की ती आपल्यालाच वेडावून दाखवते आहे, अशी आमच्या धाकट्या दिरांची पक्की समजूत आहे. इंजिनिअरिंग कॉलेजात ते यंत्रांची कंपनं शिकवतात, पण तेवढ्यानं त्यांचं भागत नाही. कोणाकडे गेले की आधी फ्रिजला तळवा लावणार, मग माणसांना नमस्कार! लकडगंजात त्यांच्यासाठी मुलगी बघायला गेलो, तर हे चहा सोडून कूलरच्या मागे. "याचा पंखा एका बाजूले जड आहे," म्हणत पाती काढून बसले. कूलर गपगार झाला, मुलीचे वडील खूश. मुलीनं मात्र नकार कळवला. भावजींना त्याचं काहीच नाही. "कूलर तं बरोबर चालून राहिला न?" एवढीच चौकशी.

मी त्यांना खूप हसायची. पण गेल्या उन्हाळ्यात माझीच हबेलंडी उडाली. धंतोलीत माझा डोळ्यांचा दवाखाना आहे. वरच्या मजल्यावाल्यांनी एसीचं अवाढव्य यंत्र बसवलं आणि छताला टांगलेला माझा ऑपरेशनचा मायक्रोस्कोप थरथरू लागला. त्यातून केसाएवढं हललेलंसुद्धा भूकंपासारखं दिसतं हो! रबराच्या गाद्या लावून पाहिल्या, उपयोग शून्य. ऑपरेशनं बंद पडली. त्यात सासूबाईंचा मोतीबिंदू पिकलेला, दुसऱ्या डोळ्यानं कधीच साथ सोडलेली, आणि वर हट्ट, "घरात सून डॉक्टर असताना परक्याच्या हाती डोळा नाही देत मी!"

शेवटी भावजींना बोलावलं. "वहिनी, थरथरीले नुसतं दाबू नका. ती डावीकडे गेली का तेवढ्याच जोरानं उजवीकडे ढकला." मायक्रोस्कोपच्या दांड्यावर त्यांनी थरथर ओळखणारा सेन्सर आणि उलटा धक्का देणारं छोटंसं यंत्र बसवलं. बटण दाबलं आणि अगं बाई! मायक्रोस्कोप दुप्पट नाचायला लागला. मी किंचाळले, आणि हे टाळ्या पिटताहेत! "दुप्पट हललं म्हणजे ताकद पुरून राहिली! दिशा तेवढी चुकली." दोन वायरींची अदलाबदल केली. मी भीत भीत डोळा लावला. आतलं चित्र अगदी स्थिर. माझा जीव भांड्यात पडला. तिथल्या तिथे मी रडून घेतलं.

सासूबाईंचं ऑपरेशन उत्तम झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली, तेव्हा भावजी समोरच उभे होते. सासूबाई त्यांच्याकडे कितीतरी वेळ बघत राहिल्या.

"काहून गा, इतके केस पिकले तुझे? मले कोणी सांगितलंच नाही."

भावजी हसायला गेले, पण जमलं नाही. ते खाटेवर आईजवळ बसले आणि त्यांनी डोकं तिच्यापुढे वाकवलं.