भालूदानं खाल्लेली शेव

पैज गल्लीतच लागली. भालूदाच्या दहाव्याला पिंडाला कावळा शिवणार का? मी म्हटलं, माणसं मागं सरली की लगेच शिवतोय बघ. गजा सुतार म्हणाला, "हरलास तर चौकात अर्धी मिशी काढायची." कबूल. आठवडाभर मी घाटावरच्या कावळ्यांना शेव घालत होतो, हे गजाला कुठं ठाऊक?

आता घाटाच्या पायरीवर बसलोय. खिशात शेवेची पुडी, पाठीवर कोवळं ऊन, भटजींची गुणगुण. डोळे जड होतात.

शेजारी भालूदा बसलेला. तोच बाह्या दुमडलेला शर्ट. यानंच जुन्या तेलघाण्यात डायलिसिसची स्वस्त मशीनं बसवली. ज्यांची मोठ्या दवाखान्याचं नाव काढायची ऐपत नाही, ती माणसं तिथंच जगतात. माझी बायको सुलभापण.

"शेव काढ," तो म्हणतो.

"कावळ्याची हाय."

"म्हणूनच काढ."

पायऱ्यांच्या खुर्च्या झाल्यात. ओळीनं माणसं पडलीत, नळ्यांतनं नदी वाहतीय, लालसर. शेवटच्या खुर्चीत सुलभा एका हातानं शेंगा सोलतीय. भालूदा मूठमूठ शेव खातोय.

"कावळा शिवला तर जयसिंग काय म्हणंल?"

जयसिंग त्याचा पुतण्या. आता सेंटर त्याच्याच ताब्यात.

"म्हणंल, काका समाधानानं गेले."

"आन दर वाढवंल. कावळा अडला तरच तो चारचौघांत शब्द देईल. तू मधी येऊ नको, दौल्या."

"माझी मिशी जाईल की."

"माझं काय राहिलंय?"

रिकाम्या पुडीच्या, त्याच्या सवयीनं, नीट घड्या घालून तो ती माझ्या खिशात सरकवतो.

"ए, घोरतोयस काय," गजा मला हलवतो. माणसं मागं सरलीत. मी गुपचूप खिशात हात घालतो. शेव नाही. नुसता घड्या घातलेला कागद.

कावळे पिंडाकडं बघतात, मग माझ्याकडं. ऊन चढतं. शेवटी जयसिंग हात जोडून मोठ्यानं म्हणतो, "काका, दर जुनाच ठेवतो." सगळा घाट ऐकतो. कावळे जागचे हलत नाहीत. भटजी दर्भाचा कावळा करून शिववतात आणि उरकतात.

चौकात न्हावी माझी अर्धी मिशी उतरवतोय. गल्ली हसतीय, मीपण हसतोय. समोर सेंटरच्या दारावर जयसिंगची माणसं शिडी लावून नव्या दराचा बोर्ड चढवतायत. रंग सुकलेला, म्हणजे आधीच करून ठेवलेला. खाली सुलभा पिशवी घेऊन उभी. वाचतीय.

"झालं बघ," न्हावी म्हणतो.

"दुसरी बाजूपण काढ," मी म्हणतो. "सुतक फिटलं नाय अजून."