आपटे सरांचा हिरवा रंग

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही — आणि त्याला मी भाजीवाल्याशी झालेली हुज्जतसुद्धा तपशीलवार सांगते, तेव्हा काय ते समजून घ्या.

तसं माझं छान चाललंय. नारायण पेठेत शाळेची गाइडं छापणाऱ्या एका छोट्या प्रकाशनात मी मुद्रितं तपासते. काम आवडतं, चहा वेळेवर मिळतो, मालक वर्षातून एकदा तरी हसतात. आणखी काय हवं? पण ही माझी आत्ताची खुर्ची आहे ना — ती कशी मिळाली, ते सांगायचंय.

तीन वर्षांपूर्वी मालकांनी एक नवी सोय आणली. ब्राउझरमध्ये एकच पान उघडायचं आणि सगळ्यांनी आपापल्या जागेवरून त्यावर एकाच वेळी काम करायचं. प्रत्येकाला एक रंग. कुणी काय लिहिलं, काय पुसलं, ते नावानिशी दिसणार. आपटे सरांना हिरवा मिळाला. सर आमच्यात सर्वांत ज्येष्ठ. तीस वर्षं लाल पेनानं कागदावर खुणा केलेले. तरी पहिल्या सकाळी किती हौसेनं बसले होते! एका बोटानं टकटक करत त्यांनी भूगोलातल्या दोन नद्या दुरुस्त केल्या आणि आमच्याकडे वळून बघितलं — बघितलंत का, अशा थाटात.

एक वाजता ते नेहमीसारखे सदाशिव पेठेत घरी गेले. जेवण, वामकुक्षी, चारला परत. संगणक तसाच सुरू राहिला.

आता — मे महिना. धड चालणारा पंखा एकच, तोही सरांच्या डोक्यावर. मालक आतल्या खोलीत, बाकीचे डबे घेऊन गच्चीवर. मी सरांच्या खुर्चीत जाऊन बसले. आणि नवं खेळणं समोर असल्यावर हात गप्प बसतात का? हे दाबून बघ, ते ओढून बघ — आणि भूगोलाचे सात धडे गेले. खाली हिरव्या अक्षरांत नाव आलं : आपटे.

मी उठले आणि माझ्या जागेवर जाऊन बसले. केलं ते एवढंच.

चार वाजता मालक बाहेर आले. "आपटे सर, तुमचं पेनच बरं होतं. त्याला निदान पुसता येत नाही." सरांनी वाद घातला नाही. स्वतःच्या बोटांकडे बघत म्हणाले, "माझाच हात लागला असेल हो." त्यांना खरंच तसं वाटलं!

मग मी पुढे झाले. आधीची प्रत शोधून दोन मिनिटांत धडे परत आणले. शोधताना पुसल्याची वेळ दिसली — दोन वाजून दहा मिनिटं. त्या वेळी सर कुठे असतात, हे आमच्या चहावाल्यालाही ठाऊक. ती वेळ मी वाचली आणि पडद्यावरची ती खिडकी पटकन बंद केली. मालकांनी चारचौघांत माझं कौतुक केलं, तेही मी घेतलं. महिनाअखेर सरांनी काम सोडलं. पंख्याखालची खुर्ची मला मिळाली.

सर मजेत आहेत. दर सोमवारी चहाला येतात, स्वतःची ती फजिती रंगवून सांगतात, "हिच्यामुळे वाचलो" म्हणतात. मी हसते.

हल्ली त्यांच्या नातीनं परदेशातून असंच एक पान पाठवलंय — आजोबांनी त्यावर लहानपणच्या आठवणी लिहायच्या, तिनं तिकडे वाचायच्या. सर कळफलकाला हात लावत नाहीत. ते सांगतात, मी टाइप करते. खरं सांगू? सोमवारच्या त्या दुपारी मला फार आवडतात.

परवा नातीनं समासात विचारलं, आजोबा, तुम्ही स्वतः कधी लिहिणार?

सर हसले. "लिही — आजोबांच्या हातून सगळं पुसलं जातं."

मी लिहिलं. एक शब्दही बदलला नाही.