गुंजाळ सरांचं करेक्शन

दोष गुंजाळ सरांचा. आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटी कुणी "टाळी एका हाताने वाजत नाही" वगैरे म्हणायला नको. वाजते. त्या एका हातात ब्रश असला की मस्त वाजते!

नगरच्या एका आर्ट कॉलेजात मी पेंटिंग शिकत होतो. आता नाही. आता समीरच्या अब्बांच्या रेडियमच्या दुकानात टेम्पोच्या काचांवर लावायची अक्षरं कापतो. समीर शेख माझा वर्गमित्र. शीतलही आमच्याच वर्गातली, काष्टी गावची. आम्ही तिघं चहाला भेटलो की दहा मिनिटांत विषय सरांवर येतोच. असे किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. ब्रश धुवायच्या डब्यात रंग साचतात तसे ते साचतात. वरून टर्पेंटाइन स्वच्छ दिसतं, खाली बोट घातलं की करडा गाळ. त्यातला कुठला रंग कुठल्या दिवशीचा, ते विचारू नका.

* * *

पेंटिंगही सरच शिकवायचे आणि कलेचा इतिहासही. इतिहास म्हणजे प्लास्टिकचं कव्हर घातलेली एक वही. ते वाचणार, आम्ही लिहिणार.

"सिंबॉलिझम म्हणजे प्रतीक. सररिअलिझम म्हणजे स्वप्न. दोन्हीखाली रेघ मारा."

समीरने हात वर केला. "सर, स्वप्नात प्रतीक दिसलं तर?"

सरांनी वहीत बघितलं. पान उलटलं. परत मागचं पान काढलं. मग चष्मा वर केला.

"तर तो पाच मार्कांचा प्रश्न होतो," सर म्हणाले. "पुढे लिहा!"

* * *

आमच्या प्रोजेक्टरचा निळा रंग गेलेला. त्यामुळे युरोपातली सगळी चित्रं आमच्याकडे हळद लागल्यासारखी पिवळी यायची.

एक दिवस असंच एक पिवळं चित्र भिंतीवर आलं. एक बाई. मागे पाणी. वेळ बहुतेक संध्याकाळची. बाईचे डोळे मिटलेले. बस्स. एवढंच!

त्याआधी सरांनी सररिअलिझमच्या वीसेक स्लाइड दाखवल्या होत्या. खुर्चीवर मासा, माशाला पाय, पायाला डोळा. पोरं टाळ्या वाजवत होती, मीही वाजवत होतो. पण ही बाई आली आणि माझी टाळी अर्ध्यातच राहिली. का, ते तेव्हा कळलं नाही. आत्ताही नीट कळत नाही, आणि मला न कळणाऱ्या गोष्टींचा संताप येतो. तो मासा दारातच कॉलर धरून म्हणतो, बघ, कसा बसलोय! पहिल्यांदा "आयला!" निघतं. दुसऱ्यांदा तो नुसताच खुर्चीवर बसलेला मासा असतो. ही बाई काहीच म्हणत नव्हती. तरी असं वाटत होतं की आपण यायच्या जरा आधी इथे काहीतरी झालंय आणि आपल्याला कुणी सांगणार नाहीये.

सर म्हणाले, "बाई झोपलेली आहे. झोप म्हणजे स्वप्न. म्हणजे काय?"

"सररिअलिझम!" अख्खा वर्ग.

"सर," शीतल म्हणाली, "खाली सिंबॉलिझम लिहिलंय."

सरांनी भिंतीजवळ जाऊन वाचलं. खरंच तसं लिहिलेलं.

"छापणाऱ्याची चूक," सर म्हणाले. "नेक्स्ट!"

* * *

चहावर समीरशी माझं यावरून रोज वाजायचं.

"तुझा सिंबॉलिस्ट म्हणजे बुवा आहे बुवा," समीर म्हणायचा. "डोळे मिटून बसलाय. विचारलं तर म्हणतो, गूढ आहे बेटा, अनुभव घे. सररिअलिझमवाला निदान खरं बोलतो. माझं डोकं फिरलंय म्हणतो, हे घ्या मासे!"

मला उत्तर द्यायचं होतं. अर्धा कप चहा मी उत्तर शोधण्यात घालवला.

"तरी..." मी म्हणालो.

"बघ!" समीर शीतलला म्हणाला. "याला पण अनुभव आला!"

* * *

कॉलेजच्या प्रदर्शनाला गावाहून माझे चुलते आले, नाना. नाना म्हणजे भावकीत कुणाचं ठरलेलं लग्न मोडायचं असलं की ज्यांना आधी बोलावतात ते. माझ्या शिक्षणाबद्दल त्यांचं मत एकच होतं: "चित्रं काढून पोट भरत असतं तर शाळेतल्या भिंती जाड झाल्या असत्या."

समीरचं चित्र मधोमध लावलेलं. आभाळातून लटकलेली विहीर, तोंड खाली. सररिअलिझममध्ये पहिलं बक्षीस! नाना हात मागे बांधून बराच वेळ बघत राहिले.

"पानी हाय का तिच्यात?"

"नाही काका," समीर म्हणाला. "तोंडच खाली आहे. सांडून गेलं."

"मंग आमच्यावानीच हाय की," नाना म्हणाले. "यात काय नवं काढलं?"

समीर मान वाकडी करून स्वतःचंच चित्र उलटं बघायला लागला. आणि मला शेवटच्या वर्षासाठी विषय मिळाला. नानांचे उपकार मानावे लागतात याचा मला अजून राग आहे.

* * *

आमची वस्ती पाथर्डीच्या रस्त्याला, तिसगावच्या पुढे. उन्हाळ्यात टँकर येतो आणि विहिरीत रिकामा होतो. कोरड्या विहिरीत! मग बाया त्याच विहिरीतून तेच पाणी शेंदून घरी नेतात. लहानपणापासून बघतोय, त्यामुळे त्यात काही विचित्र आहे हे मला कधी सुचलंच नव्हतं. मी ते होतं तसं रंगवायला घेतलं.

सर माझ्या कॅनव्हाससमोर थांबले. सर शहरातले. नळाला पाणी दिवसाआड आलं तरी त्यांना दुष्काळ वाटतो.

"टँकर विहिरीतून पाणी भरतोय ना?"

"नाही सर. विहिरीत ओततोय."

"टँकर? विहिरीत?" सरांचा चेहरा उजळला. "शाब्बास! हा खरा सररिअलिझम! कुठून सुचतं रे तुम्हाला?"

"सर, मंगळवारी आणि शुक्रवारी येतो."

* * *

त्याच चित्रात कोपऱ्यात आई होती. पाइप सुटला की सगळ्या बाया विहिरीत वाकून बघतात. आई बघत नाही. हंडा कमरेवर घेऊन उभी राहते आणि डोळे मिटते. पाणी पडायचं थांबलं की उघडते.

मी विचारलं, "आई, टँकर सुटल्यावर डोळे का मिटते गं तू?"

"कोन, मी?"

"हो."

"मी कशाला मिटू? तुला शहरात राहून कायबी दिसाया लागलंय."

शुक्रवारी टँकर आला. पाइप सुटला. तिने मिटले.

चार रविवार तिला अंगणात समोर बसवून मी तो चेहरा काढला. हळूहळू चित्रातला टँकर मला खुपायला लागला आणि एक दिवस मी तो रंगाखाली गाडला. राहिली विहिरीची कड, ओली माती आणि आई. आता हा सिंबॉलिझम झाला की नुसतं अर्धवट चित्र, मलाच कळेना. शीतलला दाखवलं.

"टँकर होता तेव्हा मी टँकर बघत होते," ती म्हणाली. "आता हिला बघतेय."

"म्हणजे चांगलं झालंय?"

"ते मला काय माहीत! मी बघतेय एवढं सांगितलं."

सरांना मात्र लगेच कळलं. "चांगला सररिअलिझम होता," ते ओरडले, "त्याची पार वाट लावलीस!"

* * *

मधेच सरांनी पारनेर तालुक्यातल्या एका गावात शाळेची भिंत रंगवायचं काम घेतलं. भिंत सरांची, हात आमचे. विषय, पाणी वाचवा.

तिथल्या सरपंचांची कल्पना तयार होती. "एक मोठा थेंब काढा. थेंबाला डोळे काढा. डोळ्यांतून पानी काढा."

"म्हणजे थेंब रडतोय?" समीरने विचारलं.

"व्हय. आन् खाली बादली काढा. वाया नगं जायला."

चार तास आम्ही रडका थेंब रंगवत होतो. समीर शिडीवरून खाली वाकला. "सर, हे कुठल्या इझममध्ये बसतं?"

सर सरपंचांकडे बघून हसले आणि दाताखाली म्हणाले, "पंचायत समितीमध्ये. रंगव गुपचूप!"

* * *

शेवटच्या वर्षी सबमिशनच्या प्रत्येक चित्राखाली चिठ्ठी लावायची, हा सरांचा नियम. चित्रात दिसणाऱ्या प्रत्येक गोष्टीचा अर्थ तिच्यात लिहायचा. काळा म्हणजे दुःख, पक्षी म्हणजे स्वातंत्र्य, पिंजरा म्हणजे समाज. वर्गात इतके पिंजरे झाले की समाज कमी पडायला लागला.

समीरने या वेळी मासे सोडून स्वतःची दादी रंगवली होती. खाटेवर बसलेली, डोक्यावर पांढरी ओढणी. चिठ्ठी कोरी.

"पांढरी ओढणी म्हणजे काय?" सरांनी विचारलं.

"ओढणी, सर."

"अरे अर्थ काय? पावित्र्य? वैधव्य? मृत्यू?"

"हिरवी धुवायला टाकली होती, सर."

सरांनी स्वतःच्या हाताने "पावित्र्य" लिहून चिठ्ठी चिकटवली. समीरने ती राहू दिली. तो पास झाला.

मग सर माझ्याकडे आले. माझ्या चिठ्ठीवर विहिरीचा अर्थ लिहिलेला होता, मातीचाही लिहिलेला होता. काहीतरी ठोकून दिलं होतं. पुढे "मिटलेले डोळे म्हणजे" एवढं लिहून जागा सोडली होती.

"पूर्ण कर."

"येत नाही, सर."

"आईला विचार."

"विचारलं. ती म्हणते, मिटतच नाही."

सर चित्राकडे बघत उभे राहिले. "हे बघ, परीक्षक एका पोराला तीन मिनिटं देतात," ते जरा मऊ आवाजात म्हणाले. "ज्याचा अर्थ चिठ्ठीत लिहिता येत नाही, ते चित्रात ठेवू नये."

ते माझ्या भल्याचं बोलत होते. तेच तर! ही म्हातारी माणसं वाट लावतात ती नेहमी आपल्या भल्याचीच.

* * *

परीक्षेच्या दिवशी सकाळी हॉलमध्ये गेलो तर आई माझ्याकडे बघत होती.

आर्ट कॉलेजात करेक्शन ही जुनी पद्धत आहे. सर येतात, पोराला बाजूला करतात, त्याच्याच हातातला ब्रश घेतात आणि चूक दुरुस्त करतात. पोराने थँक्यू म्हणायचं असतं. या वेळी मी तिथे नसताना करेक्शन झालं होतं. सरांनी चित्रातल्या आईचे डोळे उघडले होते. चांगले टपोरे, प्रत्येक बुबुळात पांढरा ठिपका.

"कशी जिवंत केली बघ!" मागून सर म्हणाले.

मी थँक्यू म्हणालो नाही. चिंधी टर्पेंटाइनमध्ये बुडवली आणि ते डोळे पुसायला गेलो. चेहरा मी त्याच आठवड्यात पुन्हा रंगवला होता, आतून ओलाच होता. सरांच्या डोळ्यांबरोबर माझे डोळेही निघाले. मग नाक. मग सगळंच. हंडा घेतलेली एक बाई राहिली आणि चेहऱ्याच्या जागी मातकट डाग.

तेवढ्यात परीक्षक आलेच. बाहेरगावचे, खादीचा झब्बा. माझ्यासमोर तीन मिनिटं झाली, पाच झाली, तरी माणूस हलेना.

"चेहराच नाही!" ते म्हणाले. "वा! हा सिंबॉलिझम की सररिअलिझम?"

"दोन्ही, सर!" गुंजाळ सरांनी झेप घेतली.

"चेहरा ठेवायचा नाही हा निर्णय तुझा?" परीक्षकांनी मला विचारलं.

त्यांच्या पाठीमागून सर जोरजोरात मान हलवत होते. हो म्हण, हो म्हण! समीर आपल्या दादीपाशी उभा राहून बघत होता. शीतलही.

मी चित्राकडे बघितलं. खरं सांगतो, ते आधीपेक्षा चांगलं झालं होतं. पिवळ्या बाईसमोर जे झालं होतं तेच होत होतं. कुणीतरी आत्ताच इथून उठून गेलंय, आणि सांगणार कुणी नाही. हे माझं नव्हतं. सरांचं तर नव्हतंच. मग कुणाचं?

मी कॅनव्हास खिळ्यावरून उतरवला.

"अरे, ठेव!" परीक्षक म्हणाले. "फर्स्ट क्लासचं काम आहे!"

"ठेव रे बाबा," गुंजाळ सर म्हणाले. पहिल्यांदाच हात जोडून. "तुझ्या आईची शपथ आहे तुला, ठेव!"

ओला भाग अंगाला लागू नये म्हणून मी तो पाठीमागून धरला आणि चालत स्टँडवर गेलो. पाथर्डी गाडी लागलेलीच होती.

भिंतीवर चित्र नसेल तर मार्क देता येत नाहीत. त्या वर्षी आमच्या वर्गातले बाकी सगळे पास झाले. मी परत परीक्षेला बसलो नाही. डिप्लोमा मला मिळाला नाही.