गणंग दाणे

कंपनीत माझं काम माल तपासून रिजेक्ट बाजूला काढण्याचं. घरीही हात तसाच चालतो. रविवारचा स्वयंपाक मी करतो आणि त्याचं कौतुक व्हावं अशी माझी माफक अपेक्षा असते.

त्या रविवारी आईच्या पत्र्याच्या डब्यात वाल सापडले. महाळुंग्याचं घर सोडून ती आमच्याकडे पिंपळे सौदागरला आली, तेव्हा हा डबा तिने मांडीवर धरून आणला होता. दाणे राखेत लोळवलेले. गावाकडची अस्वच्छता, असं म्हणत मी ते चार पाण्यांनी धुतले, भिजवले, मोड आणून सोलले. आठ-दहा दाणे फुगलेच नाहीत. असा गणंग दाणा शिजत नाही आणि नेमका दाताखाली येतो. ते मी गॅलरीतल्या कढीपत्त्याच्या कुंडीत भिरकावले. लहानपणी डोक्यात काही शिरेना की आई मलाही गणंगच म्हणायची.

उसळ फक्कड झाली होती. आईने पहिला घास घेऊन विचारलं, "वाल कुठनं आनलं?"

"तुझ्याच डब्यातले."

ती उठून डबा बघून आली. "बियानं हुतं त्ये," एवढंच म्हणाली आणि वाटी पुसून खाल्ली. अन्न टाकायचं नाही हा तिचा नियम. तिने चार शब्द सुनावले असते तर मला बरं वाटलं असतं.

हा वाल बाजारात मिळत नाही. तिच्या सासूपासून तो परसात होता. पाणी फारसं मागायचा नाही, आणि पावसाळ्यात भाजी नसली की वाळवलेल्या दाण्यांवर आमचे दिवस निघायचे.

आईला एकच धीर होता. महाळुंग्याच्या शेजारच्या काकू आणि ती दरवर्षी एकमेकींना मूठभर बी देत. एकीचं गेलं तर दुसरीकडे असावं. पुढच्या सुट्टीला आम्ही महाळुंग्याला गेलो. काकूंच्या परसात कामगारांसाठी भाड्याच्या खोल्या उभ्या होत्या.

"पेरायला जागा कुठं ऱ्हायली गं?" काकू म्हणाल्या. "सपलं समदं. तुझ्याकडं हाय म्हनून मी निवांत हुते."

येताना गाडीत मला स्वतःची लाज वाटत होती. काकूंचा रागही आला, कारण तो सोयीचा होता.

महिन्याभराने कढीपत्त्यावर एक वेल चढलेला दिसला. तण समजून मी उपटायला गेलो, तर आईने मनगटच धरलं. पान चुरगळून हुंगलं.

"ह्ये कुनी लावलं?"

मी गणंगांची हकिगत सांगितली. ती बऱ्याच दिवसांनी हसली.

शेंगा तिने कोवळ्या तोडू दिल्या नाहीत, वेलावरच वाळवल्या. गॅसच्या घरात राख कुठली? सोसायटीखालच्या इस्त्रीवाल्याकडून मी ती मागून आणली आणि चाळून दिली. कीड लागू नये म्हणून आईने दाणे राखेत घोळवले, डब्यात भरले आणि काकूंची म्हणून एक मूठ बाहेर ठेवली. पण काकूंकडे आता पेरायला जागा कुठली? मग ती मूठ माझ्यापुढे धरली.

"माझं गेलं तर तुझ्याकडं असावं, गणंगा."

मी दोन्ही हात पुढे केले.