दुधाची वेळ बदलणारे आण्णा

आष्ट्याच्या एसटी स्टँडसमोर आण्णांचं औषधाचं दुकान होतं. डॉक्टरांची चिठ्ठी हातात आली की ती वाचण्याआधी ते समोरच्या माणसाच्या तोंडाकडं बघायचे आणि विचारायचे, "काय खाऊन आलासा?" नवखा माणूस गोंधळायचा. औषधाच्या दुकानात जेवणाची चौकशी कशाला, असं त्याला वाटायचं. स्टँडवरचे रिक्षावाले त्यांना माघारी 'जेवलासा-आण्णा' म्हणत. आण्णांना ते ठाऊक होतं आणि त्याचं त्यांना काही वाटत नव्हतं.

मी त्यांना बघितलं ते सांगलीच्या कॉलेजला जायला लागल्यापासून. आम्ही मूळचे जत तालुक्यातले धनगर. तिकडं पाण्याचे हाल, म्हणून माझ्या जन्माआधीच दादा, म्हणजे माझे वडील, मेंढरं आणि दोन म्हशी घेऊन आष्ट्याच्या शिवारात येऊन राहिले होते. आमच्या घरात कॉलेजला जाणारी मी पहिली. एसटी येईपर्यंत आम्ही मुली आण्णांच्या दुकानाच्या बाकावर बसायचो आणि पुस्तक उघडं ठेवून त्यांचं गिऱ्हाइकांशी चाललेलं बोलणं ऐकायचो.

एकदा तालमीतला एक पैलवान पायाला गळू झालं म्हणून अँटिबायोटिक न्यायला आला. आण्णांच्या प्रश्नावर त्यानं बदाम घातलेलं दूध आणि ताकदीची पावडर असा खुराक सांगितला. गोळीही त्याच दुधाबरोबर घेतो म्हणाला, म्हणजे दोन्हीची ताकद एक होईल. आण्णा हसले. म्हणाले, "गड्या, ही गोळी आन् दुधातला चुना, म्हंजे कॅल्शियम, पोटात गेलं की एकमेकाला मिठी मारत्यात. तुमच्या कुस्तीत दोघं अडकून पडत्यात तसं. मग गोळी रगतात जाणार कवा? दोघं तसंच पोटातनं भाईर." पैलवानाला ही भाषा लगेच कळली.

पण सगळ्यांना ते एकच नियम लावत नसत. अँटिबायोटिक म्हटलं की दही, दूध, ताक सगळंच बंद करून बसणाऱ्या एका बाईंना त्यांनी चिठ्ठी बघून सांगितलं की तुमच्या गोळीचं दह्याशी काही वाकडं नाही, खुशाल खावा. "सगळ्या गोळ्या एका आयच्या नसत्यात," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. जुलाबावरची गोळी नेणाऱ्या एका तरुणानं हळूच विचारलं, परवा मित्राचं लग्न आहे, थोडी घेतली तर चालेल का. आण्णांनी तितक्याच हळू आवाजात सांगितलं, "लगीन त्येचं हाय रं. ह्या गोळीवर घेतलीस तर वांत्या करत तुझीच वरात निघंल." तो लाजून हसला आणि गेला.

आण्णा जैन होते. दिवस मावळायच्या आत जेवायचे. त्या वेळी दुकानात कितीही गर्दी असली तरी ते आत जाऊन डबा उघडायचे आणि लोक मुकाट्यानं थांबायचे. कुणी चिडवलं, तर म्हणायचे, "वेळेला जेवणाऱ्याकडनंच वेळेचं औषध घ्यावं."

मी शेवटच्या वर्षाला असताना दादा आजारी पडले. थंडी वाजून ताप, लघवीला जळजळ, कंबरेत कळा. डॉक्टरांनी तपासून लघवीच्या मार्गात जंतू झाल्याचं सांगितलं आणि सकाळ-संध्याकाळची अँटिबायोटिक गोळी लिहून दिली. दादांची हाडं दुखायची म्हणून कॅल्शियमची गोळी आधीपासून चालू होती. त्या दिवशी दुकानात आण्णा नव्हते, पाहुण्यांकडं गेले होते. औषध त्यांच्या मुलानं दिलं.

ताप उतरेना. पुन्हा दाखवायला गेलो तेव्हा डॉक्टरांचा चेहरा बदलला. असंच चाललं तर किडनीवर जाईल, सांगलीला दाखल करावं लागेल, असं ते म्हणाले. आई दवाखान्यातून बाहेर आली ती पदर तोंडाला लावूनच. दादा रिक्षात डोळे मिटून बसले होते. कळपापुढं कोसन् कोस चालणारा माणूस, पण त्याला रिक्षाच्या दांडीला धरून बसवावं लागत होतं.

आण्णांनी दुकानातून बघितलं आणि ते रस्ता ओलांडून रिक्षापाशी आले. त्यांनी आईला नेहमीचा प्रश्न विचारला. आई जरा अभिमानानंच म्हणाली, "कोरड्या पोटी न्हाई देत, आण्णा. दोनी गोळ्या एकदमच देत्ये, तांब्याभर गरम दुधासंगं. दुधात काय कमी करत न्हाई मी."

आण्णा आईला एका शब्दानंही रागावले नाहीत. तसेच दवाखान्यात गेले आणि डॉक्टरांशी बोलून आले. डॉक्टरांनी लघवी पुन्हा तपासायला घेतली, दोन दिवस हीच गोळी दुधाशिवाय नीट द्या म्हणाले, आणि तब्येत जराही बिघडली तर वाट न बघता सांगलीला न्या, असं बजावलं.

खरी अडचण पुढंच होती. आई दूध थांबवायला तयार होईना. आमच्याकडं आजारी माणसाला दूध म्हणजे औषधाच्या वरचं. आई म्हणाली, "माज्या बाच्या शेवटाला दूध बंद केल्तं. आजाऱ्याला नुसत्या पान्यावर ठिवायचं म्हंजे त्येला सोडून दिल्यागत हाय. माज्या हातनं हुनार न्हाई." मी पुस्तकातलं समजावू लागले, तर ती पाठ फिरवून म्हशीकडं निघून गेली.

मी आण्णांना सांगितलं. दुपारी ते आपली जुनी लुना घेऊन आमच्या वस्तीवर आले. घोंगडीवर बसले, दादांच्या कपाळाला हात लावला. मग आईला विचारलं, "वैनी, धार कवा काढतासा?" आईनं सांगितलं. "मग असं करूया. धारंच्या आधी, उठल्या उठल्या, गोळी पान्यासंगं. च्या पन लगेच न्हाई. दूध तापवून ठिवायचं आन् दुपारी द्यायचं, कॅल्शियमची गोळी त्येच्याबरुबर. दिवस मावळताना दुसरी गोळी, परत पान्यासंगं. दूध बंद न्हाई करायचं. त्येची येळ तेवडी सरकवायची. औषध पाव्हणा हाय, वैनी. पाव्हणा आला की त्येला घटकाभर निवांत बसू द्यावं, मग घरच्यांनी बोलावं."

आईनं विचारलं, "दूध बंद न्हाई न्हवं?"

"न्हाई. मलाबी द्या की घोटभर."

आईनं त्यांना पेला भरून दिला. ते मांडी घालून सावकाश प्याले आणि दुधाला जतच्या म्हशीची चव आहे म्हणाले. आई त्या आठवड्यात पहिल्यांदा हसली.

दुसऱ्या दिवसापासून आई अंधार असतानाच उठून दादांना गोळी द्यायची. दोन दिवसांत ताप कमी झाला. डॉक्टरांना दाखवलं तेव्हा सांगलीला न्यायची गरज नाही म्हणाले, फक्त गोळ्या शेवटपर्यंत संपवा. आण्णांनी तेच आईला दोनदा सांगितलं. बरं वाटलं म्हणून उरलेल्या गोळ्या फडताळात ठेवायच्या नाहीत. महिन्याभरानं दादा मेंढरांमागं निघाले, तेव्हा मी परीक्षेला चालले होते.

मी आता सांगलीजवळच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. यंदा गुडघ्यांनी साथ सोडली म्हणून आण्णा दुकान मुलावर सोपवून लेकीकडं पुण्याला राहायला गेले. जायच्या आधी मी भेटायला गेले आणि माझ्या पदवीच्या दिवशीचा फोटो त्यांना दाखवला. मी झग्यात, दुसऱ्या बाजूला आई, आणि मधे पागोटं बांधलेले दादा, ताठ उभे. आण्णांनी चष्मा पुसून फोटो धरला. माझ्याकडं त्यांचं फारसं लक्ष नव्हतं. बराच वेळ ते दादांकडंच बघत होते.

"ह्यो मला दे, पोरी," ते म्हणाले. "तू घरासाठी दुसरी कॉपी काढून घे."